चाकणच्या गॅसगाड्या : प्रकल्प नोंदी, जून ते डिसेंबर २०२५

९ जून २०२५

कागदावर काम सोपं आहे. एक ते पाच गाड्या असलेल्या मालकांना जुनी डिझेल गाडी काढून सीएनजीची घ्यायला मदत करायची. त्यात गाडी निवडणं, कर्जाची कागदपत्रं, गॅस कुठे कधी मिळतो त्याची माहिती आणि पहिल्या वर्षाचा हिशेब आला. निधी देणाऱ्यांना वर्षअखेर एकच आकडा हवाय : किती गाड्या बदलल्या.

यादीत सध्या पंधरा-वीस मालक आहेत. खेड, मंचर, शिक्रापूर, दोघे भोसरीचे. बहुतेकांकडे बारा ते सोळा टन पासिंगच्या सहाचाकी आहेत, बीएस-३ किंवा बीएस-४ च्या (बीएस म्हणजे गाडीच्या धुराचं मानक, आकडा मोठा तितका नियम नवा आणि कडक). माल म्हणजे चाकणच्या कारखान्यांचे सुटे भाग. ते रांजणगाव, सणसवाडी, तळेगावला पोचवायचे आणि रिकाम्या ट्रॉल्या परत आणायच्या. काहींचं नाशिक, वाळूज, न्हावा शेवा चालतं.

पहिल्या बैठकीत सगळ्यांचा एकच सूर होता, "ताई, आहे त्याच गाडीत किट बसवून द्या, नव्या गाडीचं नंतर बघू." नाही जमत. ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेने बीएस-६ डिझेल इंजिन काढून गॅसचं बसवायला मुभा दिली, पण ती साडेतीन टनांच्या आतल्या गाड्यांना. मोठ्या गाडीत गल्लीतल्या गॅरेजने बसवलेलं, मंजुरी नसलेलं किट आरसी बुकावर चढत नाही. आरसीवर नाही म्हणजे विमा कंपनी दावा बघणारही नाही.

दुसरी शंका कराची. एक जुलैपासून राज्यात सीएनजी गाड्यांचा कर एक टक्क्याने वाढतोय, हे सगळ्यांनी व्हॉट्सॲपवर वाचलंय. तो खासगी चारचाकींचा आहे, मालट्रकचा नाही. हे तीन वेळा सांगूनही भोसरीचे शेठ मान हलवत होते. त्यांचा राग वेगळा आहे आणि तो मला पटतो. एप्रिल २०२२ मध्ये राज्याने सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्क्यांवर आणला, पुण्यात किलोचा दर बासष्टच्या आसपास उतरला आणि शेठनी त्या आनंदात गाडी बुक केली. पावसाळा संपेपर्यंत दर नव्वदीच्या पुढे होता. गाडी त्यांनी दोन वर्षांत पडत्या भावात काढून टाकली. बैठकीला ते आले ते बाकीच्यांना सावध करायला.

१६ जून

१८ ला देहूहून आणि १९ ला आळंदीहून पालखी निघते. त्यानंतर इकडचे रस्तेही मोकळे नसतात आणि यादीतले मंचरचे काकाही हाती लागत नाहीत, ते लोणंदपर्यंत चालत जातात. म्हणून आजच गाठलं.

काकांची वही बघण्यासारखी आहे. प्रत्येक खेपेचं किलोमीटर, डिझेल, युरिया (बीएस-६ डिझेल गाडीचा धूर साफ करायला लागणारं द्रव), टोल, भत्ता सगळं त्यात आहे. मुलाच्या नावावर घेतलेल्या बीएस-६ गाडीचं ॲव्हरेज लिटरला साडेपाच. तशाच गॅसगाडीचं किलोला सहा-सव्वासहा पडतं, असं तीच गाडी चालवणारे सांगतात. मी ६.२ धरलं. डिझेल ९१, गॅस ९० धरून किलोमीटरमागे डिझेलला साडेसोळा रुपये, गॅसला साडेचौदा. वर युरियाचे पन्नास पैसे वाचतात. म्हणजे किलोमीटरला अडीच रुपये. महिन्याला चार हजार किलोमीटर रनिंग असेल तर दहा हजार.

आता दुसरी बाजू. गॅसची गाडी तीनेक लाखांनी महाग धरली आणि तेवढ्या जादा रकमेचं चार वर्षांचं कर्ज अकरा टक्क्यांनी काढलं, तर जादा हप्ता पावणेआठ हजार. हातात राहिले सव्वादोन हजार. गॅस पाच रुपयांनी महागला तर महिन्याला सव्वातीन हजार जातात, म्हणजे काका दर महिन्याला हजार रुपये स्वतःच्या खिशातून घालणार.

काकांनी चष्मा काढून आकड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, "आणि लायनीत उभं राहायचं ते कुठं लिहिलंय?"

२४ जून

लायनीचं लिहायचं म्हणून रात्री पंपावर गेले. यादीत खेडचे दोघे भाऊ आहेत, त्यातल्या धाकट्याची गाडी होती, ओळखीच्या एका मालकाकडून आठवड्यासाठी चालवायला घेतलेली.

पंपावर एकच रांग. पुढे रिक्षा, मध्ये टेम्पो, मागे आमचा ट्रक. एका ट्रकच्या गॅसमध्ये वीस रिक्षा भरतात, त्यामुळे ट्रक नोझलला लागला की मागचे रिक्षावाले काय बोलतात ते इथे लिहीत नाही. ड्रायव्हर खाली उतरला, इंजिन बंद, मोबाइल केबिनमध्ये. पंपावरच्या पोराने चेसीजवळचं झाकण उघडलं, नोझल अडकवून खटका फिरवला. पाइप फुरफुरला आणि काटा भराभर चढला. नव्वद, एकशे वीस, एकशे चाळीस. मग रेंगाळायला लागला. एकशे साठवर पोराने हात वर केला, "प्रेशर नाही."

हा पंप पाइपलाइनवरचा नाही. सिलिंडरांचे कॅस्केड, म्हणजे एकमेकांना जोडलेले सिलिंडर, लादलेली गाडी येते, तिच्यातून गॅस निघतो. ती रिकामी होत आली की दाब उतरतो. ट्रकची टाकी भरायला दोनशे बार लागतात. पाण्याच्या मापाने ४८० लिटरचे सिलिंडर दोनशे बारला भरले तर ऐंशी किलोच्या आसपास गॅस बसतो, एकशे साठला साठ-पासष्ट. म्हणजे पैसे कमी गेले हे खरं, पण शंभर किलोमीटर अलीकडेच परत रांगेत यायचं. त्यात दुपारच्या उन्हात भरभर भरलं की गॅस तापतो आणि काटा दोनशे दाखवतो. गाडी गार झाली की तोच काटा मागे सरकतो. रात्री उशिरा किंवा पहाटे, आणि पाइपलाइनवरच्या पंपावर भरलं तर टाकी खरोखर भरते. हे जुन्या गॅसवाल्यांना माहीत आहे, नव्याला कोणी सांगत नाही.

नकाशात नुसते पंप दाखवून उपयोग नाही. पाइपवरचा की कॅस्केडचा, ट्रकला वळायला जागा आहे का, मोठं नोझल आहे का, रात्री चालू असतो का, हे हवं. उद्यापासून तोच तक्ता करतेय.

८ जुलै

महिन्याचा पहिला आठवडा ई-चलानविरोधातल्या बंदमध्ये गेला. कोणाला भेटायचं म्हटलं तर उत्तर एकच, "आधी चलानाचं बोला."

आज ड्रायव्हर मंडळींशी बोलले, मालक नसताना. मालकांच्या तोंडून एक फायदा सारखा ऐकू येतो : गॅस काढून विकता येत नाही. डिझेल येतं. मालक खेपेला ठरावीक लिटर धरून देतो. ड्रायव्हरने हलक्या पायाने गाडी आणली आणि चार लिटर वाचले, तर ते त्याचे. काही ठिकाणी हे उघड ठरलेलं असतं, काही ठिकाणी डोळेझाक. मालक याला चोरी म्हणतात. वीस वर्षं स्टिअरिंगवर असलेले एक मामा म्हणाले, "पगार पंधरा सांगतात तेव्हा त्यात बचत धरूनच सांगतात. आता गॅसवर बचत गेली आणि पगार पंधराच. वर पंपावर दोन तास उभं राहायचं ते फुकट."

त्यामुळे गाडी बदलली की ड्रायव्हर सोडून जातो आणि मालकाला वाटतं, याला काय झालं. हिशेबात नवी ओळ घातली : खेपेचा भत्ता वाढवा आणि रांगेचा वेगळा भत्ता द्या. सव्वादोन हजारांतले आणखी गेले. खेडच्या थोरल्या भावाला पटलं, भोसरीच्या शेठना नाही.

२२ जुलै

इतके दिवस मी चुकीची बाजू कोणती याच्याच शोधात होते, आज बरोबर बाजू सापडली. ती काकांच्याच वहीत होती, दुरुस्तीच्या पानावर.

बीएस-६ डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत काजळी धरणारा फिल्टर असतो, डीपीएफ. ती काजळी जाळायला इंजिन बराच वेळ गरम आणि एका वेगात चालावं लागतं. हायवेला हे आपोआप होतं. पण चाकण–शिक्रापूर रस्त्यावर, जिथे गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकते आणि मग कारखान्याच्या गेटवर तासभर उभी राहते, तिथे फिल्टर साफ व्हायचाच राहतो. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो, इंजिनची ताकद कमी होते, गाडी वर्कशॉपला जाते. काकांच्या मुलाची गाडी यंदा याच कारणाने वारंवार उभी राहिली. प्रत्येक वेळी एक-दोन दिवस खाडा, आणि खाड्याला कंपनी दुसऱ्याची गाडी बोलावते.

गॅसच्या इंजिनाला ना हा फिल्टर, ना युरिया. स्पार्क प्लग आणि कॉइल वेळेवर बदलावे लागतात, वायुगळती तपासावी लागते, पण रखडत चालल्याने गाडी बंद पडत नाही. म्हणजे गॅसगाडीचा खरा फायदा इंधनाच्या दरात नाहीच, तो रखडणाऱ्या जवळच्या फेऱ्यांत आहे. ज्याची फेरी साठ-सत्तर किलोमीटरची, रोज ठरलेली, रात्री गाडी गावात, तो गॅसला जमेल. परतीचं भाडं मिळेल तिकडे जाणारा नाही जमणार. वाळूजला माल टाकून तिथून लातूर नाहीतर अकोला पकडणाऱ्या माणसाला गॅसची गाडी म्हणजे दावणीला बांधलेला बैल.

यादी नव्याने लावली. निम्म्याहून जास्त नावांपुढे "आत्ता नको" लिहिलं. ऑफिसमधून विचारणा आली की अर्धी यादी गाळल्यावर लक्ष्य कसं गाठणार.

६ ऑगस्ट

न्हावा शेव्याला तीन ट्रेलर चालवणारे एक मालक एलएनजीचं, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूचं, विचारत आले. एलएनजीचा ट्रक चाकणमध्येच बनतो, सप्टेंबर २०२२ मध्ये गडकरींच्या हस्ते त्याचं अनावरण झालं होतं, म्हणून त्यांना वाटतं की गॅसही इथेच कोपऱ्यावर मिळत असेल.

वायू उणे १६२ अंशांपर्यंत थंड केला की त्याचं द्रव होतं आणि आकारमान सहाशेपट घटतं. म्हणून एका भरण्यात ट्रेलर हजाराच्या पुढे किलोमीटर जातो, लोखंडी सिलिंडरांचं ओझं नाही. लांब पल्ल्याला हेच योग्य. पण टाकी म्हणजे मोठा थर्मास. गाडी चालत राहिली तर ठीक. उभी राहिली तर आतलं द्रव हळूहळू उकळतं, दाब वाढतो आणि शेवटी तो सोडावा लागतो. मालकांना विचारलं, दिवाळीत गाड्या किती दिवस उभ्या असतात? "आठ दिवस. ड्रायव्हर युपीचे, गावी जातात." मग छटपूजेपर्यंत टाकीतलं इंधन हवेत जायला लागेल.

मोठ्या कंपनीचं बांधील काम असेल, त्याच मार्गावर एलएनजी पंप असेल आणि गाडी महिन्याला दहा हजार किलोमीटर पळत असेल तर विचार करा, असं सांगितलं. त्यांच्याकडे यातलं एकही नाही. चहा पिऊन गेले. प्रकल्पाच्या तक्त्यात "एलएनजी" असा रकाना आहे, तो रिकामाच राहणार.

५ सप्टेंबर

पंधरा ऑगस्टला लाल किल्ल्यावरून जीएसटी कमी होणार असं जाहीर झाल्यापासून एकही बुकिंग नाही. परवा परिषदेने शिक्कामोर्तब केलं : ट्रकवरचा कर २८ वरून १८ टक्के, २२ सप्टेंबरपासून. पितृपक्ष ८ ला लागतोय, त्यात गाडी कोण घेतंय! सरकारने नेमकी घटस्थापना धरली.

आमच्या लोकांसाठी हा फरक मोठ्यांपेक्षा जास्त आहे. छोटे वाहतूकदार बहुतेक पाच टक्क्यांच्या रिव्हर्स चार्जवर असतात. कर माल पाठवणारी कंपनी भरते आणि यांना गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा मिळत नाही. म्हणजे कर थेट अंगावर. मूळ किंमत वीस लाखांची गाडी साडेपंचवीसऐवजी साडेतेवीसला पडेल. डिझेल आणि गॅसच्या गाडीतला तीन लाखांचा फरकही वीस-पंचवीस हजारांनी कमी होईल. सगळे हिशेब परत केले.

१२ सप्टेंबर

आजची बैठक सगळ्यात महत्त्वाची होती. खेडच्या भावांचं निम्मं काम ज्या सुट्या भागांच्या कंपनीकडून येतं, तिच्या खरेदी विभागात गेलो. थोरला भाऊ इस्त्रीचा शर्ट घालून आला होता.

साहेब आनंदले. सेबीच्या नियमाने वरच्या हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल द्यावा लागतो, यांचे गिऱ्हाईक त्यातले, म्हणून यांनाही विचारणा होते की तुमचा माल किती स्वच्छ गाड्यांतून जातो. "तुमच्या गॅसच्या गाड्या आम्हाला हव्यातच," म्हणाले. पुढच्याच वाक्यात, "गॅस स्वस्त आहे म्हणजे भाडं सात टक्के कमी करा."

थोरला भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी हिशेबाचं पान पुढे सरकवलं : ड्रायव्हरचा भत्ता धरून महिन्याला हजारभर रुपये उरतात, यातून सात टक्के कुठून काढायचे? साहेबांनी पान शांतपणे वाचलं. माणूस वाईट नाही, त्याच्याही डोक्यावर बचतीचं लक्ष्य आहे.

खरी अडचण करारात निघाली. भाड्याच्या करारात इंधनाचं कलम असतं : डिझेल पाच टक्के वर-खाली झालं की भाडं दोन टक्के वर-खाली. डिझेल मार्च २०२४ मध्ये दोन रुपयांनी उतरलं, तेव्हापासून जवळजवळ जागचं हललेलं नाही. म्हणजे कलम झोपलंय. गॅसचं तसं नाही. शहरी गॅस कंपन्यांना मिळणारा स्वस्त देशी वायू गेल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये दोनदा मोठा कापला गेला, त्यांना महाग वायू घ्यावा लागला आणि पंपावरचा दर चढला. भावांनी गॅसची गाडी घेतली की इंधन एकाचं आणि कलम दुसऱ्याचं अशी गत. दर चढला तर सगळा भार गाडीवाल्यावर, आणि करार म्हणतो काही झालंच नाही. भोसरीचे शेठ २०२२ मध्ये बुडाले ते गाडीमुळे नव्हे, या कलमामुळे. त्यांनी ते कधी वाचलं नव्हतं, वाचून द्यायलाही कोणी नव्हतं.

आम्ही दोन गोष्टी मागितल्या. गॅसच्या गाडीला गॅसच्या दराचं कलम, महिन्याच्या एक तारखेचा चाकणचा पंपदर धरून. आणि माल भरायची वेळ पहाटे पाचऐवजी सहा, म्हणजे रात्रपाळीत रांग नसताना टाकी भरून गाडी थेट गेटवर. साहेब म्हणाले विचारून सांगतो.

२६ सप्टेंबर

कंपनीचं उत्तर आलं. गॅसचं कलम मान्य, पण महिन्याला नाही, तिमाहीला. वेळ बदलणार नाही, लाइन पाचला सुरू होते. सात टक्क्यांचा विषय निघाला नाही. थोरला म्हणाला, "चालेल. लिहून घ्या त्यांच्याकडून." मेल आली, छापून फायलीला लावली.

३ ऑक्टोबर

काल दसरा. खेडच्या भावांनी गाडी आणली, काकांच्या मुलानेही. शोरूमच्या दारात झेंडूचे हार घातलेल्या गाड्यांची रांग होती, बहुतेक डिझेलच्या. काका पेढे घेऊन आले आणि कानात विचारलं, "सिलिंडरची चाचणी तीन वर्षांनी ना? तारीख वहीत टाकतो." सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणी, दर तीन वर्षांनी, मान्यताप्राप्त केंद्रातच. चाचणीचा कागद नसेल तर गॅस भरून मिळत नाही.

शिक्रापूरचा एक तरुण मालक वापरलेली गॅसगाडी बघून आला होता, २०२२ ची, भाव अगदी कमी. कागद मागवले. चाचणीची तारीख उलटून गेली होती आणि सिलिंडरच्या पट्ट्यांना गंज. चाचणीचा खर्च आणि तेवढ्या दिवसांचा खाडा धरला तर स्वस्ताई उरत नाही. २०२२ च्या लाटेत घेतलेल्या अशा बऱ्याच गाड्या आता बाजारात येताहेत. बघताना आधी सिलिंडर, मग इंजिन, मग टायर.

१४ ऑक्टोबर

तिमाही अहवालात "वाचवलेला कार्बन" असा रकाना आहे. तो भरताना खरं लिहायचं ठरवलं.

लिटरभर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, किलोभर मिथेनचा २.७५. काकांच्या ॲव्हरेजने भागलं तर किलोमीटरला डिझेलचे ४८७ ग्रॅम आणि गॅसचे ४४४. नऊ टक्के कमी. जाहिरातीत सांगतात तसे पंचवीस नाहीत, कारण गॅसचं इंजिन तेवढं काटकसरी नसतं. आणि मिथेन स्वतःच शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या अठ्ठावीसपट तापवणारा. नळीतून, जोडातून, पंपावर मिळून शंभरातला एक भाग जरी न जळता निसटला तरी हे नऊ टक्के जवळजवळ पुसले जातात. म्हणून गळती तपासणं हे काम देखभालीच्या पानावरून पहिल्या पानावर घेतलं.

मग करायचं कशाला? जुन्या बीएस-३ गाडीच्या मागे उभं राहून बघा. धुराची काजळी, चाकणच्या चौकात रोज फुप्फुसात जाणारी, ती गॅसच्या गाडीत जवळजवळ नसते. बीएस-६ डिझेलशी तुलना केली तर हाही फरक लहान होतो. म्हणून मी "कोणती गाडी बाहेर गेली" हा रकाना नव्याने घातला. भावांनी बीएस-३ काढली, तो खरा फायदा. काकांच्या मुलाची बीएस-६ होती, तिथे हवेचा फायदा थोडा, धंद्याचा जास्त. शेणाच्या आणि कचऱ्याच्या बायोगॅसची मिसळ वाढली तर कार्बनचं गणित पालटेल. यंदापासून शहरी गॅस कंपन्यांना एक टक्का मिसळ सक्तीची आहे, २०२८-२९ पर्यंत पाच टक्के.

हे अहवालात गेलं तर निधीवाले खूश होणार नाहीत, असं ऑफिसातून सांगितलं. पाठवलं.

१८ नोव्हेंबर

ट्रॉम्बेला खत कारखान्याच्या आवारात मुख्य गॅसवाहिनीला इजा झाली आणि मुंबई, ठाणे, नवी मुंबईतले बरेच सीएनजी पंप बंद पडले. पुण्यात पुरवठा चालू होता, पण माहितीतल्या दोन गाड्या त्या बाजूला होत्या.

काकांचा मुलगा भिवंडीला गेला होता, चाकणहून पूर्ण टाकी भरून. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या आत, टाकी चारशे ऐंशी लिटरची, पूर्ण भरली की पाचशेच्या आसपास किलोमीटर जाते. निवांत परत आला. दुसरा आमच्या यादीतला नाही, भावांच्या ओळखीचा. त्याने निघताना अर्धी टाकी ठेवली होती, पनवेलला भरू म्हणून. कारला गॅस संपला तर पेट्रोल असतं, ट्रकला दुसरी टाकी नाही. तो कळंबोलीला उभा राहिला, मालासकट. कंपनीने दुसरी डिझेल गाडी पाठवून माल उचलून नेला आणि त्याचं भाडं याच्या बिलातून वजा केलं.

रात्री भावांनी मला फोन करून त्याला लाइनवर घेतलं. माझ्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं, त्याच्या करारात पुरवठा बंद पडण्याचं कलमच नव्हतं. आमच्याही नाही. जानेवारीच्या कराराच्या मसुद्यात घालायचं : गॅसपुरवठा खंडित झाल्याने उशीर झाला तर दंड नाही.

५ डिसेंबर

भावांच्या गाडीचे पहिले दोन महिने. ॲव्हरेज ६.४, अपेक्षेपेक्षा बरं. रनिंग साडेतीन हजारच, कारण दिवाळीत कारखाने बंद होते. भत्ता, हप्ता जाऊन जेमतेम बरोबरी. पण खाडा एकही नाही. थोरला म्हणतो, खाडा नाही म्हणून कंपनीने अजून एक फेरी दिली. डिसेंबरचं रनिंग वाढेल.

ड्रायव्हर मामांना त्याने खेपेमागे जादा भत्ता सुरू केला. मामा टिकले. काकांच्या मुलाचा ड्रायव्हर सोडून गेला, आता मुलगाच चालवतो आणि म्हणतो पंपावरच्या रांगेत झोप पूर्ण होते.

भोसरीचे शेठ आले होते. त्यांना डिझेलचीच नवी गाडी घ्यायचीय, बीएस-६, जीएसटी कमी झालाय तोवर. त्यांचं काम नाशिक आणि पुढे धुळे-इंदूर, परतीचं भाडं मिळेल तिथून. मी हिशेब करून दिला आणि घ्या म्हटलं. जुनी बीएस-३ मोडीत काढायचे कागदही करून दिले. निधीवाल्यांच्या तक्त्यात याला जागा नाही. खाली टीप लिहिली.

२२ डिसेंबर

वर्षाचा आकडा : यादीतल्या चार गाड्या गॅसवर, एक बीएस-३ मोडीत. लक्ष्य वीसचं होतं. सोबत "आत्ता नको" लिहिलेल्या प्रत्येक मालकाच्या फेरीचा हिशेब जोडला. ज्याला वाचायचं तो वाचेल.

पुढचं काम. कंपनीच्या साहेबांशी जानेवारीच्या दराची भेट. पुरवठाखंडाचं कलम त्यांच्या वकिलाकडे गेलंय, ते "दंड नाही" ऐवजी "दंड निम्मा" करू बघताहेत. ड्रायव्हरच्या रांगेचा भत्ता करारात घालता येईल का हे विचारायचंय, साहेब हो म्हणतील असं वाटत नाही, पण विचारायचं. पंपांच्या तक्त्यात तळेगावच्या बाजूचे पंप राहिलेत.

एक तारखेचा चाकणचा गॅसदर पंपावरच्या फलकाच्या फोटोसह भावांना पाठवायचा. तिमाहीच्या बिलाला तो पाच तारखेच्या आत जोडला नाही तर फरक थेट एप्रिलमध्ये मिळतो.